न खुडलेले दुधी

आचरा
१७ ऑक्टोबर २०२४

वन्सं,

नमस्कार. पाकीट बघून छातीत धस्स झालं असेल तर आधी पाणी प्या. घरात सगळे जागेवर आहेत. सगळे म्हणजे मी. तुमचे भाऊ बोटीवर आहेत; कुठल्या समुद्रात, ते त्यांनाही कोणाला तरी विचारून सांगावं लागतं.

पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की फोनवर आपण पाचव्या वाक्याला भांडतो. मग तुम्ही भावाकडे तक्रार करता, मी नवऱ्याकडे करते, आणि तो एकच माणूस दोघींना वेगवेगळं समजावतो. कागदावर तुम्हाला मध्येच तोंड घालता येत नाही. हा शोध माझा.

गणपतीला तुम्ही यंदाही आला नाहीत. तिसरं वर्ष. का, ते विचारणार नाही. विचारलं की पुन्हा पाचवं वाक्य. पण ठाण्याहून गणपतीला न येणारी बाई आचऱ्यात काय चर्चेला कमी पडते का? लोक मलाच विचारतात, आणि विचारताना माझ्याकडे असं बघतात जणू मीच तुम्हाला मोदकातून काही घातलं.

आता विशेष. जूनमध्ये सासूबाईंच्या डब्यात दुधीच्या चार बिया सापडल्या. त्या गेल्यापासून तो डबा कोणी उघडला नव्हता. गोठ्याच्या मागे पेरल्या, एक उगवली. वेल भराभर छपरावर चढला आणि पावसाळाभर मला नुसती पांढरी फुलं दाखवत राहिला. मी रोज खालून बघायची, एकही दुधी नाही. मी त्याला वांझ म्हणाले, आळशी म्हणाले, तुमच्या माहेरावर गेलाय असंही एकदा म्हणाले.

दसरा झाला, पानं वाळली. काल शेजारचे दाजी आमच्या गोठ्याचं कौल सारखं करायला शिडी लावून वर गेले आणि वरूनच म्हणाले, "वयनी, तुझ्या छपरार माणसां निजली आसत."

मी शिडी चढले. वन्सं, मी पन्नास वर्षांची बाई आहे, मला सहसा कशाचं काही वाटत नाही. पण शिडीच्या शेवटच्या पायरीवर मी तशीच उभी राहिले. सात दुधी. कौलांवर अंग टाकून, एकमेकांना टेकून, पोटं वर करून. एकाला दोन्ही तळव्यांत धरून बघितलं, तर माझी बोटं पलीकडे एकमेकांना भेटेनात. तीन महिने मी याच छपराखाली लाकडं रचत होते आणि शिव्या घालत होते. आणि हे वर, पानांच्या आड, एक शब्द न बोलता मोठे होत होते. मला जरा लाजच वाटली.

तर आता ह्यांचं करायचं काय? तुम्ही त्या आईची मुलगी. सांगा.

तुमची वहिनी,
संचिता

*

ठाणे
२८ ऑक्टोबर २०२४

संचिता,

आशीर्वाद. भाजी खुडायची असते, तिच्या पाया पडायचं नसतं. जी बाई तीन महिने वेलाखाली उभी राहून वर बघते आणि जिला दुधी दिसत नाही, तिला माझा भाऊ कसा दिसला हा मला पडलेला जुनाच प्रश्न आहे.

आता ऐक. जो दुधी कापशील त्याचा आधी नखाएवढा तुकडा जिभेला लावून बघ. कडू लागला तर तो दुधी लगेच टाक, सोनं जडवलेलं असलं तरी. कडू दुधी पोटात गेला तर माणूस दवाखान्यात जातो, आणि तुला न्यायला तिथे दाजींशिवाय कोणी नाही.

सगळ्यात कोवळ्यापासून सुरुवात कर, गोड निघाला तर काप. साल जाड असेल, पण टाकू नकोस. कोवळी वरची फोलपटं तीळ घालून चटणीला. आतला गर किसून, पिळून, पिळलेलं पाणी पिठात वापरून वडे. गूळ घालून घारगे. वाळवून सांडगे. हे सगळं खाली पाटावर बसून, निवांत, आकाशवाणी लावून करायचं. घाई नको. उरलेले वाडीत वाट.

गणपतीबद्दल तू विचारणार नाहीस असं लिहून अर्धं पान विचारलंस. मी उत्तर देणार नाही असं लिहून एवढंच लिहिते की मोदकांत काही नव्हतं.

माझं सगळं बरं आहे. लेक अक्षया तिच्या नोकरीत, मी माझ्या घरात.

समीक्षा

*

आचरा
९ नोव्हेंबर २०२४

वन्सं,

नमस्कार. तुमच्या पाकिटाबरोबर पोस्टमन बाबलीने टोमणाही आणून दिला. "फोनार बोलूक पैशे पडतत काय गो वयनी?" मी म्हटलं, पैसे नाही, नाती पडतात. तो चहा पिऊन गेला.

सगळ्यात कोवळा गोड निघाला. मग तो आडाळ्यावर घेतला. आपली ती जुनी विळी, जिच्यावर सासूबाई मोठे मासे कापायच्या. पातं सालीवरून घसरलं आणि माझा अंगठा थोडक्यात वाचला. शेवटी कोयता घेतला. आत बी अजून पांढरं, पिचकं होतं, ते केळीच्या बुंध्याशी टाकलं. वडे झाले. घारगे झाले. सांडगे घालून झाले. आठ दिवस मी दुधी खाल्ला, प्यायला आणि वाळवला, आणि एवढं करून एकच दुधी संपला.

दुसरा वाटायला काढला. पण या दिवसांत वाडीत कोणाच्या परसात दुधी नाही? काशीकाकी दारातच म्हणाल्या, "आमचेच पडले आसत गो. तुझो खंय ठेवू?" म्हणून पहाटे त्यांच्या पायरीवर ठेवून आले. आधी खिळ्याने देठाशी बारीक खूण केली, नुसती गंमत म्हणून. तर तो दुधी काशीकाकींकडून लवूच्या ओट्यावर, तिथून देवळाच्या स्वयंपाकघरात, तिथून यशोदाबाईंच्या पडवीत, आणि एका सकाळी माझ्या पायरीवर. खूण तशीच. सगळ्यांनी पहाटेच प्रवास करवला असणार, कारण दिवसा सगळे एकमेकांना गोड हसतात. मी पुन्हा लवूकडे सोडला. आता तो त्याच्या कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू म्हणून लागलाय. त्याला पद मिळालं, प्रश्न मिटला.

उरले पाच. ते अजून छपरावरच आहेत. रोज संध्याकाळी मी शिडीवर चढून त्यांना बघून येते. का, ते सांगता येणार नाही. एवढी मोठी वस्तू आपल्या घरात आपल्याला न विचारता झाली, याचं मला अजून आश्चर्य वाटतंय.

पण वन्सं, एक विचारते, आता भांडण झालं तरी चालेल. वडे सांगितलेत, घारगे सांगितलेत, सालीची चटणीसुद्धा सांगितलीत. हलवा नाही सांगितलात. तुमचा दुधी हलवा, ज्याच्यासाठी माझ्या लग्नात लोक नवरीला बघायचं सोडून पातेल्याकडे बघत होते. तो सासूबाईंचा, म्हणून वहिनीला द्यायचा नाही असं काही आहे का? की डब्यातलं शेवटचं बी मी न विचारता पेरलं, म्हणून? तीन वर्षांचा राग कशाचा आहे तेवढं सांगा. घर तुमचंही आहे. मी एकटी त्यात राहते, एवढाच माझा गुन्हा.

संचिता

*

ठाणे
२ डिसेंबर २०२४

संचिता,

हलवा उभ्याने करावा लागतो. तासभर. बसून केला तर खाली लागतो, आणि मी उठेपर्यंत तो करपलेला असतो. म्हणून कृती दिली नाही.

दोन्ही गुडघे. तीन वर्षं झाली. डॉक्टर शस्त्रक्रिया म्हणतात, मी बघू म्हणते, ते बिल देतात, मी घरी येते. घरात भिंत धरून हिंडते. सोसायटीच्या बायकांना वाटतं मी गर्विष्ठ झाले, खाली येत नाही. वाटू दे, गर्विष्ठ निदान तरुण तरी वाटते. तुझ्या नवऱ्याला सांगितलं नाही, कारण तो बोटीवरच्या डॉक्टरला विचारेल आणि मला मलम पाठवेल. तुला सांगितलं नाही, कारण तू येशील.

गणपतीचं आता सांगते. वरच्या रस्त्यापासून आपल्या घरापुढच्या खळ्यापर्यंत जांभ्याच्या किती पायऱ्या आहेत ते तू रोज उतरतेस म्हणून तुला माहीत नसेल. मी लहानपणी त्या दोन-दोन उड्या मारत उतरायची. गेल्या वर्षी मालवणला लग्न होतं, तेव्हा अक्षयाने गाडी तिथवर आणली होती. तू खळ्यात कपडे वाळत घालत होतीस. पिवळा गाऊन, डोक्याला टॉवेल. हाक मारली असती तर तू धावत वर आली असतीस, चार माणसं जमवली असतीस, मला खुर्चीत घालून खाली नेलं असतंस, आणि दाजींनी पुढे चालत लोकांना बाजूला केलं असतं. मी काय पालखी आहे? अक्षयाला गाडी वळवायला सांगितली.

राग वगैरे काही नाही. तू शेवटचं बी पेरलंस ते बरं केलंस. डब्यात ठेवून काय त्याचं लोणचं घालायचं होतं?

आता त्या पाच दुधींबद्दल. त्यांना हात लावू नकोस. आई दरवर्षी वेलावर दोन-तीन दुधी मुद्दाम विसरायची. देठ पूर्ण वाळला की काढायची, चुलीवरच्या माळ्याला सुंभाने टांगायची. उन्हाळ्यात ते हलके झाले की दोन-दोन बांधून त्यांची सांगड करायची आणि आमच्या काखेत अडकवून आम्हाला खाडीत सोडायची. तुझा नवरा आणि मी त्या दुधींवर पोहायला शिकलो. मला अजून आठवतं, संचिता, पाय जमिनीवरून सुटला की पहिल्यांदा भीती, आणि मग एकदम कळतं की आपल्याला कोणीतरी धरलंय. वेलाने धरलंय. मी पाण्यावर पडून आभाळाकडे बघत राहायची आणि मला वाटायचं, जमीन ही उगाच लोकांनी काढलेली भानगड आहे.

डॉक्टरही म्हणतो, पाण्यात चाला, पाण्यात वजन जातं. इथे जवळच तलाव आहे, पोहण्याचा. नखशिखांत झाकणारा तो पोशाखही विकत आणला, तीन वर्षांपूर्वी. एकदाच गेले. तिथे शिडी उतरायची असते, मागे रांग लागते, आणि रांगेतल्या सगळ्या मुली अक्षयाहून लहान. त्या फार चांगल्या होत्या. सगळ्या एकदम मदतीला धावल्या. मी परत आले. पोशाखाचं लेबल अजून कापलेलं नाही.

हे वाचून झालं की विसर. आणि येऊ नकोस.

समीक्षा

*

आचरा
१४ डिसेंबर २०२४

वन्सं,

माफी मागत नाही. तुम्ही वरच्या रस्त्यावर येऊन परत गेलात, आणि मी खाली पिवळ्या गाउनमध्ये उभी. माफी तुम्हीच मागा.

विसर म्हणालात, त्यावर विचार केला आणि नाही जमलं. कपडे वाळत घालताना आता मी दर वेळी वर रस्त्याकडे बघते. परवा एक गाडी थांबली, मी हात हलवला. कोणी भलताच होता, पत्ता विचारायला उतरला. मी त्याला चहा दिला. तो अजून गोंधळलेला असेल.

तीन दुधींचे देठ वाळले, दोघांचे बाकी आहेत. दाजी म्हणाले, थांब. थांबले. रोज बघणं मात्र चालूच आहे. तुमच्या पत्रानंतर बघण्यातही फरक पडलाय. आधी मला त्या नुसत्या मोठ्या भाज्या वाटत होत्या. आता शिडीवरून बघितलं की वाटतं, हे तर आधीपासून कुठेतरी जायला निघालेले आहेत, आणि मी मात्र ह्यांना वडे समजत होते.

तुम्ही वाक्य लिहिलंत, वेलाने धरलंय. मी वैभववाडीची. आमच्याकडे पाणी डोंगरावरून येतं, घाईत असतं, आणि निघून जातं. ते उभं राहून कोणाकडे बघत नाही. तुमच्याकडे आले तेव्हा पहिल्यांदा खाडी बघितली. एवढं पाणी आणि काही करत नाही, नुसतं आत येतं आणि बाहेर जातं. अठ्ठावीस वर्षं मी घोट्याच्या वर पाण्यात गेलेली नाही. तुमच्या भावाने पहिल्या वर्षी फार हट्ट केला. मी सांगितलं, मी तुमच्याशी लग्न केलंय, तुमच्या खाडीशी नाही. त्यांनी ते मनावर घेतलं आणि बोटीवर गेले.

आता विचारते ते सरळ विचारते. दुधी वाळला हे कळतं कसं? आणि तुम्ही येणार कधी?

संचिता

*

ठाणे
२० जानेवारी २०२५

संचिता,

दोन प्रश्नांपैकी एकाचंच उत्तर देते.

वाळला की दुधी रंग सोडतो. आधी पांढरट, मग अंगावर काळे-राखाडी डाग येतात. बुरशी बघून घाबरू नकोस, सुरीच्या पाठीने खरवडून टाक. वास घे. आंबूस कुजका वास आला तर तो गेला, टाक, त्याच्यावर माणूस सोडायचा नाही. मग कानाशी धरून हलव. बी वाजलं पाहिजे. आवाज असा येतो की आत कोणीतरी सुकी वाळू चाळतंय. आणि हातात उचलल्यावर तुला वाटेल की चूक झाली, कोणीतरी खरा दुधी नेला आणि हा खोटा ठेवला. तेव्हा वाळला.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल, काखेत भोपळे बांधून खाडीत उतरायला मी आता आठ वर्षांची नाही. साठीला टेकलेली बाई आहे. गावाला आधीच करमणूक कमी आहे असं नाही.

तू उगाच कामाला लागू नकोस.

समीक्षा

*

आचरा
१० मार्च २०२५

वन्सं,

दीड महिना लिहिलं नाही. कामाला लागले होते.

माळ्याला टांगलेल्या पाचांतला एक गेला. तुम्ही सांगितलात तसा वास आला आणि त्याच्या बुडातून पाणी गळून चुलीवर पडलं. वाईट वाटलं. चार राहिले. शिवरात्र झाल्यावर काढले, खरवडले. वन्सं, मी पहिला हातात घेतला आणि खरंच मागे वळून बघितलं, खरा कोणी नेला म्हणून. ऑक्टोबरमध्ये हाच दुधी छपरावरून उतरवताना दाजी आणि लवू दोघे लागले असते. आता मी एका बोटावर तोलून धरला. आकार तोच. अंगावर डाग, मानेशी बारीक, पोट तसंच भरलेलं दिसतं, आणि वजन काहीच नाही. मी दाजींना विचारलं, एवढं सगळं पाणी गेलं कुठे? ते म्हणाले, "जंयसून इलेला, थंय." मी चिडले नाही. जिथून आलं तिथेच, याहून जास्त मलाही काही सुचलं नव्हतं.

कानाशी धरला. बी वाजलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून कितीतरी वेळ तो हलवत होते. सासूबाईंनी हेच ऐकलं असेल, ह्याच चुलीशी.

आता जे सांगते ते बसून वाचा, म्हणजे तुम्ही तशाही बसलेल्याच असाल. चार दुधींवर विश्वास टाकायचा तर आधी कोणीतरी बसून बघायला हवं होतं. तुम्हाला कसं सोडणार? दाजींनी अष्टमी धरली, कारण तेव्हा भरती आळसावलेली असते, ओढत नाही. सकाळी भरती पुरी होऊन पाणी थबकलं तेव्हा मी आणि दाजी खाडीवर. माझ्या काखेत दोन-दोन दुधी, सुंभाने बांधलेले, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावरच्या माडाला. दाजी माडाच्या सावलीत बसून विडी ओढत होते.

पाणी गुडघ्याला आलं तेव्हा मला तुमची आठवण झाली. कमरेला आलं तेव्हा वैभववाडीची. छातीला आलं तेव्हा कोणाचीच नाही.

दाजी म्हणाले, "पाय सोड."

मी म्हटलं, "खंयचो सोडू?"

"जमनीवयलो. आनी खंयचो आसा तुझ्याकडे?"

मी सोडला. आणि बुडले नाही. वन्सं, मी बुडले नाही. माझं एवढं अंग, ज्याला वरच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबावं लागतं, ते वर आलं. कानात पाणी गेलं तसा काठावरचा आवाज बंद झाला आणि दुधींच्या आतलं बी ऐकू यायला लागलं, पाण्यातून, हलकं, चारी बाजूंनी. आणि वर आभाळ. मी अठ्ठावीस वर्षं हे आभाळ कपडे वाळतील का एवढ्यासाठीच बघत होते.

रडले वगैरे नाही. दाजींनी विचारलं, "कसां वाटता?" तर माझ्याने बोलवेना. त्यांना वाटलं गेली. ते विडी टाकून उठले. त्यांनी विडी टाकली, म्हणजे किती घाबरले ते बघा.

तर आता तुमच्या माहेरात एक वैभववाडीची बाई आहे जी खाडीवर तरंगली, आणि तिथे जन्मलेली एक बाई आहे जी ठाण्यात भिंत धरून हिंडते. हे तुम्हाला सहन होणार असेल तर नका येऊ.

पायऱ्यांची काळजी करू नका, खुर्चीचीही नाही. तुम्हाला गणपतीलाच यायची सवय, आणि गणपतीत मळा भाताने भरलेला असतो. आता भात कापून महिने झाले, मळा खडखडीत आहे. जितेंद्रची रिक्षा मागच्या बाजूने मळ्यातून थेट आपल्या खळ्यात येते. परवाच तिच्यातून माझं गॅसचं सिलिंडर आलं. दोन बांध आडवे होते, ते लवूने फोडून दिले, पावसाआधी पुन्हा घालील. सिलिंडर उतरतं तिथे तुम्ही उतराल. कोणी बघायला येणार नाही, कारण मी कोणाला सांगितलेलं नाही. दाजींना माहीत आहे, पण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

येताना तो पोशाख आणा. लेबल मी कापीन.

संचिता

*

ठाणे
२२ मार्च २०२५

संचिता,

तीन मेला सकाळी कणकवलीला उतरेन. जितेंद्रला सांग, बांधावरून हळू.

कोणालाही सांगू नकोस म्हटलं तरी तू काशीकाकींना सांगशील. त्यांना सांग, मी जाडी झाले आहे. आधी सांगून ठेवलेलं बरं.

समीक्षा

*

ठाणे
३ जून २०२५

संचिता,

पोचल्याचं पत्र उशिरा लिहितेय. इथे आल्यावर पहिले काही दिवस मी काही बोलू नये असं वाटत होतं. बोललं की ते संपेल असं वाटायचं.

तू म्हणालीस, पाण्यात असताना मला काय वाटलं ते मी तुला सांगितलंच नाही. सांगते. काठापर्यंत तुझा आणि जितेंद्रचा हात धरून आले, चिखलात दोनदा थांबले, आणि माझ्या मनात परत जायचं होतं. तू माझ्या काखेत दुधी बांधत होतीस आणि गाठीला शिव्या घालत होतीस, म्हणून नाही गेले. मग पाणी वर आलं. आणि गुडघे गप्प झाले. तीन वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी काही बोलले नाहीत. मी घाबरून खाली हात घालून बघितलं, आहेत ना म्हणून. होते. मी पाय मारला, आणि पाय मारला गेला.

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. साठ वर्षांची झाले, बँकेत हिशेब केले, मुलगी वाढवली, नवरा पोचवला, आणि मला वाटायचं की आता जे काही व्हायचं ते कमीच होत जाणार. आणि माझ्या आईच्या डब्यातल्या एका बीने मला उचलून धरलं. मी वर बघितलं तर तेच आभाळ, एवढंसंही जुनं न झालेलं.

तू शेजारी दोन दुधींवर होतीस आणि तुझ्या तोंडात पाणी गेलं, तेव्हा ओरडलीस, "समीक्षा, सोडू नको गो माका." अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा नावाने. मी सोडलं नाही. पण जमिनीवर पुन्हा तसं म्हणू नकोस, तिथे मी वन्सं.

इथली हकीकत. तू बरोबर दिलेला दुधी मी मांडीवर घेऊन आले. गाडीत समोरच्या बाईने विचारलं, वाजवता का? मी म्हटलं, नाही, यावर तरंगते. मग परवा तो घेऊन त्या तलावावर गेले. दारावरच्या रखवालदाराने अडवलं. म्हणाला, बाहेरचे खाद्यपदार्थ आत न्यायला मनाई आहे. मी त्याला दुधी कानाशी धरून हलवायला लावला. तो हलवत राहिला, पुन्हा हलवला, मग आपल्या खुर्चीखाली नीट ठेवला. तरी आत नेऊ दिला नाही, नियम आहे. मी शिडीपाशी गेले. मागे रांग लागली, तीच ती मुलींची. त्यातली एक म्हणाली, काकी, सावकाश. मी म्हटलं, सावकाशच उतरणार आहे, तुम्ही गप्पा मारा. त्यांनी मारल्या. मी उतरले.

दुधी नव्हता. पाण्याला ते माहीत नव्हतं.

आता कामाचं. बी संपलं आहे, हे तुझ्या लक्षात आलंय का? आईच्या डब्यात काही उरलं नाही, तुझ्या पहिल्या दुधीचं बी कोवळं होतं, ते केळीला गेलं. जे काही आहे ते त्या दुधींच्या आत. पेरायचं तर एक फोडावा लागेल, आणि फोडला की तो पाण्याला मुकला. तुझ्याकडे तीन आहेत. कुठला फोडायचा ते तू ठरव. मला विचारलंस तर मी कुठलाच सांगू शकणार नाही.

समीक्षा

*

आचरा
१९ जून २०२५

वन्सं,

नमस्कार. पाऊस लागला, मळ्यात पाणी भरलं, लवूने बांध पुन्हा घातले. रिक्षाचा रस्ता आता दिवाळीनंतर. तेव्हा या, गणपतीची फिकीर करू नका. लोक विचारतील तर मी सांगेन, आमच्या वन्सं सणावाराला येत नाहीत, भरती बघून येतात.

चार दिवस मी तीन दुधी समोर मांडून बसले. शेवटी खाडीत ज्याच्यावर माझा डावा हात होता तो घेतला. तो थोडा कलायचाच. कोयता उचलला, पण त्याची गरज पडली नाही. दुधी पायरीवर हलकेच आपटला आणि तो अंड्यासारखा उघडला. आत काही नव्हतं. म्हणजे पांढरं, कोरडं, रेशमासारखं अस्तर, आणि त्याच्या मध्ये एवढी मोठी जागा की माझा हात कोपरापर्यंत आत गेला. ह्या जागेने आपल्याला धरलं होतं. तळाशी बी. ओंजळ भरून सांडेल इतकं, पिवळट, टणक. कित्येक महिने अंधारात बसलेलं, खाडीवर जाऊन आलेलं.

अर्धं डब्यात ठेवलं, डबा सासूबाईंचाच. मूठभर तुम्हाला ह्या पाकिटात पाठवते. गॅलरीत पेरा, सोसायटीची परवानगी मागू नका. बाबलीने पाकीट हलवून बघितलं आणि म्हणाला, "वयनी, तुझी पत्रां आता बोलूक लागली." काशीकाकी स्वतः येऊन चार बिया मागून गेल्या. त्याच काशीकाकी. लवू म्हणतो, खुराड्याचा टेकू काढतो आणि माळ्याला टांगतो, बघू काय होतं ते.

गोठ्याच्या मागे मी तीन बिया पेरल्या. काल उगवल्या. दोन पानं जोडून, नमस्कार केल्यासारखी. वेल चढायला शिडी लावून ठेवली आहे, पण ती वेलासाठी. मी दसऱ्यापर्यंत छपराकडे वर बघणार नाही, असं ठरवलंय. बघितलं की खुडावंसं वाटतं.

तुमची,
संचिता